काचेवर लिहिलेली गल्ली

गल्लीत तिला सगळे काचवाली म्हणत. या नावावर विश्वास ठेवून अधूनमधून कुणी अनोळखी माणूस खिडकीची फुटलेली काच बसवून घ्यायला यायचा. दार वाजवून तळघराच्या पायऱ्या उतरायचा. खाली हिरव्या मिणमिणत्या दिव्यात एक बाई, कोपरापर्यंत हातमोजे घालून, ट्रेमधल्या कसल्याशा पाण्यात काच बुडवून तिच्याशी पुटपुटत उभी आहे असं दिसलं की आल्या पावली परत जायचा. जाताना आवाज न करता जायचा.

ती होलोग्राफी करायची. हा शब्द काही गल्लीला परका नव्हता, पण लांबलचक होता आणि गल्लीतल्या लोकांना कामं होती. म्हणून काचवाली.

या धंद्यात ती पडली ती अक्षरशः पडलीच. तरुणपणी एका संग्रहालयाच्या दारात तिकिटं फाडायचं काम करायची. एका दालनात काचेच्या मागं मातीचा एक पेला ठेवलेला दिसला. डावीकडं सरकलं की पेल्याचा कान दिसायचा, उजवीकडं सरकलं की कान पेल्याआड जायचा. आत डोकावलं तर तळाशी पडलेली सावलीही होती. ती कौतुकानं काचेच्या मागं गेली, पेल्यावरची धूळ पुसावी म्हणून. मागं पेला नव्हता. भिंत होती. तिनं पुन्हा पुढं येऊन पाहिलं, पेला जागेवर. पुन्हा मागं, भिंत. असं चालू असताना दालनाच्या पायरीवरून पडली आणि ज्या म्हाताऱ्या बाईंनी तिला उठवलं त्यांनीच तो पेला काचेत घातलेला होता. गुडघ्याला औषध लावता लावता बाईंनी तिला पहिला धडा दिला. लेझर नाही, काच नाही, रसायन नाही. फक्त शब्द.

"होलो म्हणजे सगळं. ग्राफी म्हणजे लिहिणं. दोन्ही जुन्या ग्रीक लोकांचे शब्द. सगळं लिहायचं, कळलं? फोटोवाले उजेडानं लिहितात, पण अर्धं लिहितात. किती उजेड आला तेवढंच. कुठून आला, किती लांबून आला, त्याची नोंद नाही. एखादी बाई समारंभाहून येऊन नुसतं सांगते ना, माणसं पुष्कळ होती. कुणाकडून कोण आलं होतं, ते विचारलं की गप्प. तसं."

"आणि तुम्ही?"

"आम्ही कुणाकडून कोण आलं तेच लिहितो. एकाच उजेडाचे दोन भाग करायचे. एक भाग सरळ काचेवर, दुसरा पेल्याच्या अंगावर आपटून मग काचेवर. दोघं काचेवर भेटतात, त्यांची जी काय गडबड होते तिच्या बारीक बारीक रेघा उमटतात. त्या रेघांत सगळा पेला."

गुडघा बरा झाला, पेला काही डोक्यातून गेला नाही. बाईंकडे ती शिकली आणि बाई थकल्यावर त्यांचा सगळा संसार, म्हणजे लेझर, आरसे, भिंगं आणि शिव्या, स्वतःच्या तळघरात घेऊन आली.

तळघराच्या मधोमध तिचं टेबल होतं. टेबल म्हणजे एक मोठी पेटी, काठोकाठ वाळूनं भरलेली, आणि खाली मोटारीच्या टायरमधल्या हवा भरलेल्या ट्यूबा. वाळूत आरसे रोवलेले. लग्न होऊन घरात आली तेव्हा नवऱ्यानं हौसेनं विचारलं होतं, तुला घरात काय काय हवं? टायरच्या ट्यूबा, असं तिनं सांगितलं होतं. नवरा बोटीवर कामाला होता, त्याला विचित्र मागण्यांची सवय होती, त्यानं आणून दिल्या. सासऱ्यांना मात्र सवय नव्हती.

सासरे म्हणजे बाबा. हयातभर दारं-खिडक्या केलेला सुतार. लाकूड सोडून इतर कशाचीही वस्तू होऊ शकते हे त्यांना मनापासून पटत नसे. सुनेच्या कामाला ते "काचेतलं भूत" म्हणायचे. प्रेमानंच म्हणायचे, पण म्हणायचे.

"सूनबाई, आज कुणाला झपाटलंस?"

"एका शंखाला, बाबा."

"शंख बघायचा तर शंखच बघावा की माणसानं!"

असं त्यांचं चालायचं. पण रिकामा वेळ कसा घालवावा याबाबतीत बाबांनाही तिला बोलायला फारशी जागा नव्हती. निवृत्त झाल्यापासून ते एक गल्ली कोरत होते. हीच गल्ली, ताटाएवढ्या पाटावर. गल्लीत कुणाच्या घराचं दार बदललं, जिना काढला, की जुन्या लाकडाचा तुकडा बाबा मागून आणायचे आणि त्या घराच्या लाकडातूनच ते घर कोरायचे. शिंपी मास्तरांचं दुकान त्यांच्याच जुन्या कपाटातून झालं होतं, लाँड्री लाँड्रीच्या फळीतून. वरच्या मजल्यावर पियानो शिकवणाऱ्या बाईंची खिडकी, बाहेरचा नळ, नळाखालची बादली, भिंतीला टेकवलेली शिडी. बादलीत पाणी नव्हतं, एवढीच काय ती कसर.

या गल्लीची कीर्ती पसरत पसरत दूरच्या मोठ्या संग्रहालयात पोचली. तिथून माणसं आली, वाकून बघितली, हरखली, मागितली. बाबा इतके खूश झाले की "न्या!" म्हणून बसले. माणसं गेल्यावर गाडी कधी येणार ते कळलं, आणि मग बाबांना उमगलं की न्या म्हणजे खरंच नेणार.

तोंडानं ते वेगळंच बोलत. "गेली तर गेली, लाकूडच ते," म्हणायचे. पण चहा अर्धा टाकू लागले. रोज सकाळी उठून गल्लीवरची धूळ कुंचल्यानं झाडायचे, आणि झाडून झाल्यावर हात तिथंच ठेवून बसायचे. सून हे बघायची. नाही म्हणा असं सुचवून बघितलं तर बाबा उसळले. शब्द दिला म्हणजे दिला.

गल्ली जाणारच होती. पण जायच्या आधी ती काचेवर लिहून घ्यायची, असं सुनेनं ठरवलं. उजेड टिपणारं रसायन लावलेल्या, एवढ्या मोठ्या आकाराच्या दोनच काचा तिच्याकडं उरल्या होत्या. करणारा कारखाना केव्हाच बंद पडला होता.

"भूत नको मला," बाबा म्हणाले.

"भूत नाही हो. खिडकी आहे असं समजा. त्या खिडकीतून जेवढी गल्ली दिसते तेवढी सगळी दिसेल. डोकं हलवलंत तर कोपऱ्यामागचंही."

"बघू," बाबा म्हणाले. बाबांच्या भाषेत हे जवळजवळ हो होतं.

आता अडचण अशी, की या लिहिण्यात कुणी हलून चालत नाही. काचेवर उजेड पडत असताना एखादी वस्तू केसाच्या शंभराव्या भागाएवढी जरी सरकली तरी रेघा पुसल्या जातात आणि तिथं काळोख उमटतो. लहानसहान कामांना ट्यूबा आणि वाळू पुरायची. पण हे काम मोठं, उजेड जास्त वेळ पडायला हवा. आणि डोक्यावर लाँड्रीचं मोठं यंत्र, जे कपडे पिळायला लागलं की गल्लीतले कप ताटल्यांशी बोलू लागत.

आदल्या दिवशी तिनं बाबांची गल्ली तळघरात आणून टेबलावर ठेवली, लाकडाला खोलीची हवा मानवावी म्हणून. मग ती खऱ्या गल्लीत निघाली, एकेकाला गप्प राहायची विनंती करायला.

लाँड्रीवाले इस्त्री फिरवत होते. "यंत्र बंद? भर कामाच्या वेळी? कशासाठी?"

तिनं शब्द सांगितला. होलो म्हणजे सगळं, ग्राफी म्हणजे लिहिणं.

"सगळं म्हणजे माझं दुकानसुद्धा?"

"फळीसकट."

"आणि काच पडून फुटली तर? सगळं गेलं?"

"नाही ना! तीच तर गंमत. कुठलाही तुकडा उचला, त्यात सगळी गल्ली असते. फक्त लहान भोकातून बघितल्यासारखी दिसते."

लाँड्रीवाल्यांनी इस्त्री उभी ठेवली. "आमच्याकडं असे शर्ट यायला हवे होते. अर्धा हरवला तरी गिऱ्हाईक खूश." यंत्र बंद ठेवायचं कबूल झालं.

शिंपी मास्तर मात्र शब्द ऐकून गंभीर झाले. "सगळं म्हणजे मागचं पण?"

"कडेनं वाकून बघितलं तर दुकानाच्या बाजूचा जिना दिसेल."

"तो जिना? अहो, त्या जिन्याच्या कठड्यावर माझी विजार वाळत घातलीय! म्हातारबुवांनी ती पण कोरलीय!"

"छान कोरलीय."

"ठिगळासकट कोरलीय! शिंप्याच्या विजारीला ठिगळ! उद्या लोक काय म्हणतील? मी म्हणतो, तुमच्या त्या शब्दात थोडं सोडून सगळं अशी काही सोय नाही का?"

"तशी सोय फोटोत असते, मास्तर."

मास्तरांनी सुस्कारा सोडला, सुई उशीत टोचली आणि मशीन बंद ठेवायला तयार झाले. मात्र अट घातली की कुणी डाव्या कडेनं बघू नये.

पियानोबाईंना आधीच पुष्कळ माहीत होतं, निदान तसं त्यांना वाटत होतं. "वकील लोकांचा शब्द आहे तो. माझ्या आत्यानं मृत्युपत्र केलं होतं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत स्वतःच्या हातानं. वकील म्हणाला, हा होलोग्राफ आहे. बाकी त्यात मला काही नव्हतं."

"बरोबर आहे. तो अर्थ जुना. काचेचं काम नंतर आलं."

"मग तुम्ही लोकांनी वकिलांचा शब्द उचललात!"

"तसं नाही. ज्या शास्त्रज्ञानं ही युक्ती काढली त्याला खरं म्हणजे सूक्ष्मदर्शक सुधारायचा होता. त्यानं ग्रीक तुकडे जोडून होलोग्राम असा आपला शब्द केला. आणि गंमत म्हणजे तेव्हा लेझर जन्मालाच आला नव्हता. कितीतरी वर्षं शब्द नटूनथटून दारात बसलेला आणि गाडीचा पत्ता नाही."

"आमच्या भाचीसारखं," पियानोबाई म्हणाल्या आणि पियानोचं झाकण लावलं.

रात्री जेवताना सुनेनं हे सगळं बाबांना सांगितलं. विजारीला ते पोट धरून हसले. मृत्युपत्राशी आल्यावर थांबले. "सगळं आणि स्वतःच्या हातचं," ते म्हणाले. "हे दोन अर्थ बरे आहेत. तुझ्या शब्दाला जरा वजन आहे, सूनबाई." बस, एवढंच. पण इतक्या वर्षांत तिच्या कामाबद्दल पहिल्यांदाच ते भुताशिवाय काही बोलले होते.

सकाळी बाबा तिच्याआधी उठून तळघरात जाऊन आले. निरोप घ्यायला गेले असतील, असं वाटून तिनं काही विचारलं नाही.

गाडी दुपारी येणार होती. न्याहारी आटोपल्यावर गल्ली थांबली. लाँड्रीचं यंत्र थांबलं, शिवणयंत्र थांबलं, पियानो तर कालपासूनच थांबला होता. मास्तर पाटावर पाय वर घेऊन बसले, खाली टेकवले तर हलतील म्हणून. लाँड्रीवाले श्वास रोखून इतके लाल झाले की समोरून जाणाऱ्या पोस्टमननं त्यांना पाणी आणून दिलं. खाली तळघरात बाबा पायरीवर, ती टेबलाशी. तिनं लेझरसमोरचं पुठ्ठ्याचं झाकण उचललं. लाल उजेड आरशांवरून फिरून गल्लीवर पडला. मनातल्या मनात आकडे मोजून तिनं झाकण पुन्हा खाली ठेवलं.

मग काच एका ट्रेमधून दुसऱ्या ट्रेमध्ये, धुणं, वाळवणं. मूळची गल्ली टेबलावरून उतरवून तिनं बाजूला ठेवली, काच पुन्हा चौकटीत लावली आणि लेझरचा उजेड तिच्यावर सोडला.

गल्ली होती! काचेपलीकडं, रिकाम्या टेबलावर, लालच्या लाल गल्ली. नळ होता. बादली होती. शिडी होती. तिनं डावीकडं मान कलती केली तर विजार होती, ठिगळासकट. ती ओरडणारच होती, तेवढ्यात तिला एक काळा डाग दिसला. तिच्या स्वतःच्या घराच्या पायथ्याशी, रस्त्याला लागून, बोटभर काळोख. बाकी सगळं लख्ख, तिथंच कुणी शाई सांडल्यासारखं.

"इथं काहीतरी हललं, बाबा."

"गल्लीत चिटपाखरू हललं नाही. मी ऐकत होतो."

"बाहेरचं नाही हो. इथंच. या जागी काहीतरी ओलं होतं, वाळता वाळता सरकलं."

बाबा पायरीवरून उठले, टोपी काढली, पुन्हा घातली. सुतारकामातली चूक मान्य करायची वेळ त्यांच्यावर आयुष्यात फारशी आली नव्हती, त्यामुळं सराव नव्हता.

"सरस," शेवटी म्हणाले. "सकाळी सरसानं चिकटवलं मी. वाळला असेल असं वाटलं."

"काय चिकटवलंत?"

तिनं दिवा मोठा केला आणि लाकडी गल्लीवर वाकली. घराच्या पायथ्याशी, जिथं इतकी वर्षं नुसती सपाट भिंत होती, तिथं तळघराची बुटकी खिडकी होती. खिडकीला गज. आत, डोळे बारीक करून बघितलं तर, काडीएवढी बाई, कोपरापर्यंत मोजे घातलेली.

"राहिलं होतं ते," बाबा म्हणाले. "म्हटलं, गल्ली चाललीय. अर्धी कशाला पाठवायची."

काचवालीचे हातमोजे ओले होते, म्हणून डोळे दंडाला पुसले. मग तिनं एकदम कामाचा आवाज काढला. "एक काच उरलीय."

"मग खिडकी काढून घे आणि बाकीची गल्ली कर. खिडकी मी मागाहून पुन्हा लावतो, गाडी यायच्या आत."

"छे! काल मी सगळ्या गल्लीला सांगितलं, सगळं लिहिते म्हणून. यंत्रं बंद करून घेतली. मास्तरांना विजार सोडू दिली नाही आणि आता माझी खिडकी सोडू? मला तोंड दाखवता येईल का?"

"सरस वाळायला संध्याकाळ होईल."

"मला सरस नकोच आहे."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. बाबांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "थांब," म्हणाले, आणि वयाला न शोभणाऱ्या वेगानं पायऱ्या चढून आपली पेटी घेऊन आले. ओला सरस त्यांनी पटाशीनं खरवडून काढला, गरम फडक्यानं पुसला, जागा कोरडी केली. मग टाचणीएवढे खिळे चिमट्यात धरून, हातोडी न वापरता, अंगठ्यानं दाबत दाबत खिडकी भिंतीत बसवली. नखानं हलवून बघितली. "आता ही गल्ली पडली तरी खिडकी पडायची नाही."

"अहो, गल्ली पडायचं नाव नका काढू!"

लाकूड निवांत व्हायला थोडा वेळ हवा होता, आणि गल्लीला पुन्हा थांबवायला हवं होतं. लाँड्रीवाल्यांनी नुकतंच यंत्र सुरू केलं होतं.

"परत? आता काय राहिलं?"

"माझीच खिडकी राहिली होती," ती म्हणाली.

लाँड्रीवाल्यांनी आत ओरडून यंत्र बंद करवलं. समोरून मास्तर म्हणाले, "आमची विजार आली का?"

"आली, मास्तर. फार सुरेख आली."

"मग दुसऱ्यांदा तरी नका घेऊ!" असं म्हणत त्यांनी पाय वर घेतले.

दुसऱ्यांदा गल्ली थांबली तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त थांबली. तळघरात बाबांनी खांबाला घट्ट धरलं होतं, स्वतः हलू नये म्हणून की खांब हलू नये म्हणून, ते सांगता येत नाही. झाकण वर गेलं. उजेड पडला. झाकण खाली आलं. नंतरच्या ट्रे, पाणी, गरम हवा या सगळ्यात बाबांनी खांब सोडला नाही. बाहेर गाडीचा भोंगा वाजला तरी नाही.

संग्रहालयाची माणसं खोकी आणि भुसा घेऊन आत आली. त्यांनी लाकडी गल्ली अदबीनं उचलली आणि वर नेली. बाबांनी बरोबर जायचं ठरवलं होतं, प्रत्येक घर नीट भुशात बसवून घ्यायला, दोऱ्या आवळून घ्यायला. ते पहिल्या पायरीवर पोचले आणि मागं सुनेनं काचेवर उजेड सोडला.

"बाबा."

ते वळले. काचेपलीकडं गल्ली होती. आता कुठंही डाग नव्हता. बाबा जवळ आले. उजवीकडं झुकले, पियानोबाईंची खिडकी शिडीआडून बाहेर आली. डावीकडं झुकले, विजार दिसली. मग गुडघे टेकवून खाली बसले, टोपी मागं सारली आणि बुटक्या खिडकीच्या गजांमधून आत बघितलं. कितीतरी वेळ बघत राहिले. काचेच्या कडेनं हात पलीकडं घालून त्यांनी भिंतीला बोट लावायला बघितलं. बोट हवेतून आरपार गेलं. बाबांनी ते बोट पुन्हा आत घातलं, पुन्हा काढलं, आणि खदखदून हसायला लागले.

"लबाड! सूनबाई, ही गेलीच नाही की!"

तोपर्यंत शेजारी उतरत होते. आपापलं घर बघायला रांग लागली. मास्तर डाव्या कडेवर पहारा द्यायला उभे राहिले, तर सगळ्यांना नेमकं तिथूनच बघायचं होतं. बाबा प्रत्येकाला खांद्याला धरून जागेवर उभं करत होते, मान कुठं वळवायची ते दाखवत होते आणि आयुष्यभर हाच धंदा केल्यासारखं सांगत होते, "होलो म्हणजे सगळं. ग्राफी म्हणजे लिहिणं. सुतारकाम माझं, लिखाण हिचं."

वरून गाडीवाल्याची हाक आली, "आजोबा, खोकं बंद करू का? एकदा बघून घेता?"

"करा, करा!" बाबा तळघरातूनच ओरडले. "वरची बाजू वर ठेवा म्हणजे झालं!" आणि पियानोबाईंचा दंड धरून म्हणाले, "तुम्ही अशा खाली वाका जरा. आणखी. हां. आता आत बघा, आमच्या सूनबाई कामात आहेत."